नळाजवळचं लिंबू

नव्या जागेत येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा अप्पांनी पहिलं लिंबू थुंकलं.

थुंकलं म्हणजे चांगलं बेसिनपाशी जाऊन, आवाज करून. वैशालीने सकाळीच लालबागच्या बाजारातून आणलेलं लिंबू होतं ते. पिवळंधमक, पातळ सालीचं, दाबलं तर बोट आत जाईल असं रसाळ. अप्पांनी ते बनियनला पुसलं, सालासकट अर्धं चावलं, थोडा वेळ तोंड तसंच मिटून धरलं आणि उठले. परत आल्यावर उरलेला अर्धा तुकडा त्यांनी वैशालीच्या हातावर ठेवला, दुकानदाराला फाटकी नोट परत करावी तसा.

"हे लिंबू नाही."

"अप्पा, लिंबूच आहे."

"आंबट आहे. लिंबू नाही."

हर्षवर्धन, म्हणजे अप्पांचा मुलगा आणि वैशालीचा नवरा, तेव्हा आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता. त्याला आरशात दिसलं ते एवढंच, की आपल्या ऐंशी वर्षांच्या बापाने लिंबू सालासकट तोंडात घातलं. त्याचा हात बटणावरच थांबला.

"हे आधीपण असंच खायचे का गं?" त्याने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं.

वैशालीने आठवून पाहिलं. खायचे बहुतेक. सकाळी नळावरून येताना एक तोडायचे, मिठाचं बोट लावायचे आणि तोंडात टाकायचे. पण चाळीत सकाळी पाण्याच्या घाईत कोण कुणाच्या तोंडाकडे बघतंय?

"खायचे वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं म्हणजे?"

वैशाली डबे भरायला वळली.

नायगावची त्यांची चाळ पाडायला घेतली होती. नवी इमारत उभी राहीपर्यंत बिऱ्हाडं जागा मिळेल तिकडे पांगली. ह्यांच्या वाट्याला काळाचौकीतल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावरची भाड्याची जागा आली. जागा चांगली होती. वारा होता, उजेड होता, चोवीस तास पाणी होतं. चोवीस तास पाणी असल्यामुळे सकाळी कुणी कुणाला भेटायचं कारणच उरलं नव्हतं, ते सोडा. पहिल्या महिन्यात अप्पा एकदा खालून फिरून आले आणि शेजारच्या विंगमध्ये अकराव्या मजल्यावरच्या कुणा भलत्याच्याच दाराशी चावी फिरवत बसले. तशी वैशालीही दोनदा त्या विंगमध्ये शिरली होती, पण ती सत्तेचाळीस वर्षांची असल्यामुळे त्याला गंमत म्हणाले. अप्पांचं झालं तेव्हा कुणी हसलं नाही. मग एकदा चहा झाल्यावर गॅसचं बटण उघडंच राहिलं. आणि मधून मधून लिंबू होतंच. दादरहून आणलेलं थुंकलं. वैशालीच्या दुकानाच्या मालकांनी त्यांच्या गावाहून आणलेलं, ज्याचं त्यांनी तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं होतं, तेही थुंकलं.

"हे लिंबू नाही."

हर्षवर्धन त्यांना दादरला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. त्यांनी अप्पांना वार विचारला, तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग चित्रं दाखवली. घड्याळ. छत्री. गाय. अप्पांनी धडाधड उत्तरं दिली. मग लिंबाचं चित्र आलं.

"हे काय आहे आजोबा?"

"लोक ह्याला लिंबू म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी नाही म्हणत."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तारीख चारने चुकली होती, तीन शब्दांतले दोन आठवले होते. सुरुवात असू शकते, ते म्हणाले, दीड महिन्याने परत आणा, आणि शक्यतो घरात एकटं ठेवू नका.

पण एकटं ठेवण्यावाचून इलाज काय होता? हर्षवर्धन बस डेपोत, वैशाली दुकानात, मुलगी स्पृहा पुण्याला हॉस्टेलवर. हर्षवर्धनने अप्पांच्या खिशातली चावी काढून घेतली आणि दोघं जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. अप्पांनी हुं की चूं केलं नाही. फक्त रोज संध्याकाळी वैशाली आली की विचारायचे, "काय म्हणतंय बाहेर?" सगळ्या नायगावची खबर ज्याच्याकडे असायची त्या माणसाने असं विचारलं की तिला चप्पल काढतानाच कसंतरी व्हायचं.

तेच हर्षवर्धनलाही होत असणार, कारण एके दिवशी त्याने बदलापूरच्या एका केंद्राचा फॉर्म आणून फ्रिजला लोहचुंबकाने लावला. फोटोत झाडं होती, बाकं होती, बाकांवर हसरे म्हातारे होते.

"महिनाभर ठेवून बघू," तो म्हणाला. "सोमवारी फॉर्म द्यायचाय. बाहेरून कुलूप घालून जाण्यापेक्षा बरं की नाही?"

वैशालीला उलट उत्तर द्यायचं होतं, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्याला उत्तर देणं फार कठीण. शिवाय फॉर्म अप्पांनीही वाचला होता. चष्मा लावून, दोनदा. वाचून ते खिडकीपाशी जाऊन बसले.

वैशाली लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात अठरा वर्षं काउंटरला होती. तिला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. उभं राहून राहून शिकली होती. दगडफूल ताजं की मागच्या वर्षीचं, दालचिनी खरी की नुसतीच कसली तरी साल, हे ती पिशवीचं तोंड सोडता सोडता सांगायची. बायका लग्नातल्या मसाल्याचं प्रमाण तिला विचारून नेत. अशा बाईला एक गोष्ट बोचत होती. अप्पांची जीभच गेली असेल तर सगळ्याच चवी जायला हव्यात. ती लिंबापुरती कशी जाईल?

गुरुवारी तिची सुट्टी. हर्षवर्धन गेल्यावर तिने ओट्यावर सहा वाट्या मांडल्या आणि आपली ओढणी घेऊन अप्पांसमोर उभी राहिली.

"डोळे बांधते तुमचे."

"आता हे काय नवीन?"

"परीक्षा. नापास झालात तरी कुणाला सांगणार नाही."

"तुझ्या नवऱ्याने सांगितलंय?"

"त्यांना कळलं तर माझेच डोळे बांधतील. बसा नीट."

अप्पा बसले. पहिला चमचा तोंडात गेला.

"चिंच. जुनी आहे, काळी पडलेली."

"बरोबर."

"हे आमसूल. हे... आमचूर. आणि स्वस्तातलं आहे, तुझ्या दुकानातलं नाही."

ते खरोखर खालच्या वाण्याकडचं होतं. वैशालीने तोंडावर हात धरला.

"ताक, कालचं. टोमॅटो, ह्यात काय ओळखायचं?" अप्पांना आता मजा येऊ लागली होती. "पुढचं दे."

तिने सहावा चमचा दिला, लिंबाच्या रसाचा. अप्पांनी तोंड वाकडं करून ओढणी खसकन खाली ओढली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच वाईट होतं.

"तू पण?"

वैशाली त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "अप्पा, तुम्ही म्हणता हे लिंबू नाही. ठीक आहे, नाही. मग लिंबू कसं असतं ते तरी मला सांगा."

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"साल गोड असते," ते सावकाश म्हणाले. "आधी ती गोडी लागते, मग आतून आंबट येतं. सुपारीपेक्षा जरा मोठं असतं. आणि आतून..." ते थबकले, जणू जास्तच बोलून गेले.

"आतून काय?"

"आतून नारिंगी असतं."

वैशालीच्या हातातला चमचा हातातच राहिला. कारण हे तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षं ठाऊक होतं.

त्यांच्या चाळीच्या मागच्या अंगाला सार्वजनिक नळ होता आणि नळाला लागून ते झाड. पुरुषभर उंच, गच्च पानांचं, बारमाही. काटा म्हणून नाही. बायका म्हणत, गुणाचं आहे, चाळीत राहून सोशीक झालंय. त्याला हिरवी गोलटी लिंबं लागत आणि ती सगळ्यांची होती. सगळ्यांची म्हणजे जो आधी हात घालेल त्याची. आज ठेवलं तर उद्या शेजारणीच्या तळलेल्या बोंबलांवर पिळलं जाणार, हे नक्की. त्यामुळे ते जरा हाताला लागलं की तोडायचं, हीच चाळीची रीत. कापलं की आतून नारिंगी निघायचं. वैशाली लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारलं होतं, हे असं कसं? तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या गंगुबाईंनी तिला समजावलं होतं, अगं, नळाचा पाइप सडलाय ना, गंजाचं पाणी पिऊन पिऊन रंग चढलाय त्याला. आणि नळाचं पाणी खरंच तांबूस यायचं, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती.

हळकुंड तोडून त्याचं वय सांगणारी बाई हा गंज चोवीस वर्षं बिनबोभाट गिळत आली होती. वैशालीला स्वतःचं हसू आलं आणि जरा लाजही वाटली.

तिने गंगुबाईंना फोन लावला. त्या आता मुलीकडे विरारला होत्या.

"गंगुबाई, आपल्या नळाजवळचं लिंबू आठवतंय का?"

"आठवायला काय, तोंडाला पाणी सुटलं बघ. का गं?"

"ते पिकलेलं कधी बघितलंत तुम्ही?"

पलीकडे गंगुबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की वैशालीने फोन कानापासून लांब धरला.

"पिकू कोण देतंय, बाई! तिसऱ्या मजल्यावरची ती काठी घेऊन यायची, विसरलीस?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वैशाली डबा न खाता नायगावला गेली. चाळीभोवती निळे पत्रे ठोकले होते. फाटकाशी खुर्ची टाकून सिक्युरिटीचा मुलगा बसला होता, शर्टावर नावाची पट्टी, निलेश.

"आत जाता येत नाय काकी."

"अरे, मी इथलीच. बारा नंबरची."

"सगळे इथलेच असतात. परवा एक जण आपला दरवाजा बघायला आला आणि दरवाजाच घेऊन चालला होता."

"मला दरवाजा नको. नळाजवळचं झाड बघायचंय फक्त."

"संत्र्याचं?"

वैशालीने त्याच्याकडे बघितलं. "कसलं?"

"तेच ना, मागचं. बारकी बारकी संत्री लागतात ते. पण खाऊ नका हां. मी खाल्लं एक, दात आंबले. फालतू जात आहे."

तो पुढे, ती मागे. चाळीचे दरवाजे-खिडक्या काढून नेलेल्या, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन तेवढे उजळ राहिलेले. ती कोपऱ्यावरून वळली आणि थांबली.

झाड पेटल्यासारखं दिसत होतं. पानापानाआड नारिंगी फळं, शेकडो, गोटीपेक्षा मोठी, चकचकीत, देठाशी जरा चपटी. खालीही सडा पडलेला. चाळ रिकामी झाल्यावर दिवाळीपासून ह्या फेब्रुवारीपर्यंत त्याला कुणी हात लावला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला पिकायला मिळालं होतं. आणि पिकल्यावर ते लिंबू नव्हतंच.

तिने पान चुरून वास घेतला. लिंबाचा वास तिला पाठ होता, हा त्याच्या शेजारून जाणारा होता, जरा फुलासारखा. मग एक फळ पुसलं आणि सालासकट दातांखाली धरलं. आधी गोड. मग त्या गोडीला बाजूला सारून असं आंबट आलं की तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"बोललो ना," निलेश म्हणाला.

"तू म्हणतोस खराब संत्रं," वैशाली डोळा पुसत म्हणाली, "आणि आम्ही म्हणायचो रंग चढलेलं लिंबू. बिचाऱ्याला कुणी विचारलंच नाही."

खोडावर पांढऱ्या रंगात आकडा घातला होता. कापायच्या झाडांवर घालतात तसा. ओंजळभर फळं डब्याच्या पिशवीत टाकली आणि निघाली. संध्याकाळपर्यंत काउंटरवर तिने दोन गिऱ्हाइकांना धण्याऐवजी बडीशेप दिली.

घरी आली तेव्हा कुलूप उघडल्याचा आवाज ऐकून अप्पा नेहमीसारखे म्हणाले, "काय म्हणतंय बाहेर?"

तिने त्यांच्या हातावर एक नारिंगी फळ ठेवलं फक्त.

तिला वाटलं होतं, अप्पा चकित होतील. अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, बनियनला पुसलं, अर्धं चावलं आणि डोळे मिटले.

"हेच," ते म्हणाले. "पण फार पिकलंय."

"अप्पा," वैशाली त्यांच्याकडे रोखून बघत होती, "हे असं नारिंगी होतं, तुम्हाला माहीत होतं?"

अप्पा खिडकीबाहेर बघू लागले. चोरी पकडलेल्या पोरासारखे.

"मिलमधलं आहे ते," शेवटी ते म्हणाले. "साहेबाच्या ऑफिसच्या दारात दोन कुंड्या होत्या. मी अठराव्या वर्षी कामाला लागलो तेव्हापासून बघायचो. थंडीत अशी लाल-नारिंगी होऊन जायची. हात लावायची कुणाची टाप नव्हती. दौलत म्हणून बागेचं बघणारा होता, तो म्हणायचा, चिनी संत्रं आहे, खायचं नसतं, बघायचं असतं. पिकून पिकून खाली पडायची आणि तो झाडून टाकून द्यायचा. वीस वर्षं बघितलं मी ते."

"मग?"

"मग संप. मिल बंद. पुढे कधीतरी एक दिवस फाटक उघडलं, आपापलं सामान घेऊन जा म्हणाले. मी डबा आणायला गेलो होतो. ऑफिसच्या दारात एक झाड वाळून गेलेलं, दुसऱ्याला चार पानं राहिलेली. पाणी कोण घालणार?" अप्पांनी उरलेलं अर्धं फळ तोंडात टाकलं. "डबा तिथेच राहिला. कुंडी घेऊन आलो. फाटकावरचा म्हणाला, शामराव, आपलं सामान तेवढंच न्या. मी म्हटलं, हे आपलंच सामान आहे."

वैशालीला हसू आवरेना. "आणि चाळीत कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? त्या दिवसापासून दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी माझी जीभ अडायची. न दिलेलं घेणार नाही, असं सगळ्यांबरोबर म्हणायचं आणि घरी येऊन त्याच झाडाचं फळ चोखायचं. राधाला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्ही घेतलं कुठे, जगवलंत. पण ती माझी बायको, ती तसंच म्हणणार." राधाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांचं नाव अप्पा असं घ्यायचे की त्या आत कणीक मळतायत. "लोक म्हणाले लिंबू. मी पण म्हटलं लिंबू. चाळीस वर्षं म्हटल्यावर माझ्यासाठी तेच लिंबू झालं. दुसरं मी खाल्लंच कुठे?"

"मग डॉक्टरांना तरी सांगायचं!"

"काय, की तुमच्या चित्रातलं खरं आणि माझं चोरीचं?"

हर्षवर्धन सात वाजता आला. वैशालीने त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"अहो, डोळे मिटा. तोंड उघडा."

"वैशाली, डोकं दुखतंय माझं."

"मिटा हो. एक मिनिट."

त्याने वैतागून डोळे मिटले. तिने फळ त्याच्या दातांमध्ये धरलं. "चावा. सालासकट."

त्याने चावलं. कपाळावरची आठी आधी वाढली आणि मग हळूहळू विरली. तो चघळत राहिला. मिटल्या डोळ्यांनीच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडत गेलं, जसं शाळेतून आल्यावर दप्तर टाकताना पडत असेल.

"लिंबू," तो म्हणाला. "आपल्या चाळीतलं. नळाजवळचं. तू नायगावला गेली होतीस?"

"नक्की लिंबू?"

"म्हणजे काय! आयुष्यभर खाल्लंय मी."

"उघडा डोळे."

हर्षवर्धनने तिच्या हातातला उरलेला नारिंगी तुकडा पाहिला, मग टेबलावरची ओंजळभर फळं पाहिली, मग परत तुकडा. "हे... ह्याला रंग दिलायस तू?"

"मसाल्याच्या दुकानात आहे म्हणून संत्री रंगवत नाही बसले मी."

तिने सगळं सांगितलं. गंज, गंगुबाई, पिकू न देणं. साहेबाच्या कुंडीचं मात्र तिने अप्पांवर सोडलं, आणि अप्पांनी ते सांगितलं. हर्षवर्धन खुर्चीवर बसून राहिला, एक बूट पायात, एक हातात.

"पण गॅस?" तो शेवटी म्हणाला. "तारीख?"

"गॅस विसरले, खरं आहे. तारीख चुकली, तेही खरं. सगळं ठीक आहे असं मी म्हणतच नाहीये. डॉक्टरकडे जायचंच. गॅसचं बटण जाताना आपण खाली सिलिंडरपाशीच बंद करू. पण लिंबात अप्पा बरोबर होते आणि आपण सगळे नापास. नापासांनी पास झालेल्याला कुलूप लावायचं?"

"मला ऐकू येतंय," खिडकीतून अप्पा म्हणाले. "कान आहेत अजून."

हर्षवर्धनने दुसरा बूट काढला, तो नीट जागेवर ठेवला आणि फ्रिजपाशी गेला. फॉर्म त्याने फाडला नाही. घडी घालून खणात, रबरबँड आणि जुन्या सेलच्या खाली ठेवला. मग आपल्या जुडग्यातली एक चावी काढायला लागला. कडी घट्ट होती, नख तुटायची वेळ आली. चावी सुटली तशी ती त्याने बापाच्या हातावर ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "अकरावा मजला, ए विंग. चुकलात तर फोन करा."

"चुकलो तर विचारीन कुणाला तरी," अप्पा म्हणाले. "माणसंच राहतात ना तिकडे?" चावी त्यांनी बनियनच्या खिशात टाकली. मग जरा वेळाने, "त्या डॉक्टरने परत ते चित्र दाखवलं तर काय सांगू?"

"लिंबू म्हणा ना अप्पा. सुटाल."

"खोटं बोलू? एक शील मोडलंय ते पुरे नाही का, आता चौथंही मोडायला लावतोस?"

हर्षवर्धन इतक्या दिवसांनी हसला की त्याला ठसका लागला.

रविवारी सकाळी, वैशालीचं दुकान उघडायच्या आत, तिघं नायगावला गेले. अप्पांनी पांढरा सदरा घातला होता आणि कुणाचा हात धरला नाही. फाटकावर निलेश खुर्चीतून उठला. "काकी, आज फॅमिली? साहेबांनी बघितलं ना तर माझी वाट लागेल. पाच मिनिटं फक्त."

कोपऱ्यावरून वळल्यावर अप्पा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी ते झाड वरपासून खालपर्यंत पाहिलं. साहेबाच्या दारात ते असं दिसायचं, आणि त्यानंतर आज. मधली सगळी वर्षं ते बिचारं पिकायच्या आत वाटलं जात होतं. ह्यातलं कुठलं बरं, ह्याचा विचार वैशाली करत होती, आणि तिला ठरवता येत नव्हतं. वाऱ्याने दोन फळं टपटप खाली पडली.

"कापणार का रे हे?" तिने निलेशला विचारलं.

"नंबर घातलाय म्हणजे उचलून दुसरीकडे लावणार, असं म्हणतात. कधी ते मला काय माहीत."

हर्षवर्धनचा हात सवयीने फांदीकडे गेला होता.

"थांब," अप्पा म्हणाले.

हात तसाच वर राहिला. अप्पा वळले, निलेशसमोर जाऊन उभे राहिले. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी एका फाटकावर जे बोलायचं राहिलं होतं ते त्यांनी नीट, शब्द लावून म्हटलं.

"साहेब, ही फळं आम्ही घेऊ का?"

निलेशला साहेब कुणी म्हटलं नव्हतं. तो गडबडला. "आजोबा, मला काय विचारता? तुमचंच ना झाड?"

"माझं नाही. म्हणून विचारतोय."

"घ्या ना मग. घ्या. हवी तेवढी घ्या. नायतरी इथे कुणी खात नाय."

"घेतो," अप्पा म्हणाले आणि झाडाकडे वळले.

हर्षवर्धन पिशवी पसरून उभा राहिला, नारिंगी फळांचे घोस त्याच्या डोक्यावर लोंबत होते. अप्पांनी त्यांतलं एकही तोडलं नाही. काठी वैशालीकडे देऊन ते पानांच्या आत डोकं घालून शोधत राहिले, बराच वेळ, नळाच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे. मग त्यांचा हात बाहेर आला. त्यात एकच फळ होतं, हिरवंगार, कच्चं, सुपारीपेक्षा जरासं मोठं.

त्यांनी ते सदऱ्याला पुसलं, सालासकट अर्धं चावलं आणि दोन क्षण तोंड मिटून धरलं.

"हे लिंबू," ते म्हणाले.

उरलेलं अर्धं त्यांनी वैशालीच्या हातावर ठेवलं. आतून नारिंगी होतं. तिने ते सालासकट तोंडात टाकलं.